शेवटच्या वाघिणीवरचा दिवा

१

मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी दोनच्या ठोक्याला नॉरिस ऑगडन यायचा. पायपुसण्यावर बूट तीनदा घासायचा, टोपी खुंटीला अडकवायचा आणि विचारायचा, "आज काय खोदायचंय, पोरी?" मी एकोणसाठ वर्षांची, तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. त्याच्यालेखी मी पोरच. चार वर्षं हे असं चाललं होतं.

आई ज्या खोलीत शिवणकाम करायची, त्या मागच्या खोलीत मी आमच्या खोऱ्यातल्या जुन्या रेल्वेची छोटी मांडणी उभी करत होते. एका फुटाला चार मिलिमीटर या मापाने, छातीइतक्या उंचीवर, तीन भिंतींना लागून. एका टोकाला मिरडेन जंक्शन, दुसऱ्या टोकाला थॉर्नशॉची सिग्नल केबिन आणि मध्ये थॉर्नशॉचा बोगदा. खरी लाइन बंद होऊन चाळीस वर्षं झाली, तिच्यावर आता लोक कुत्री फिरवतात. केबिनच्या जागी कचऱ्याचा डबा आहे.

त्या केबिनमध्ये माझे वडील, अर्नेस्ट क्रॅबट्री, एकवीस वर्षं बसले. नियम साधा होता. जंक्शनवाल्याने गाडी बोगद्यात सोडायची. ती बाहेर आली की थॉर्नशॉवाल्याने तिच्या शेपटीचा लाल दिवा डोळ्यांनी पाहायचा. शेवटच्या डब्यावरचा दिवा दिसला म्हणजे गाडी अख्खी आली, मागे काही राहिलं नाही. मग जंक्शनला घंटीचे दोन आणि एक असे ठोके द्यायचे. दोन-एक म्हणजे बोगदा मोकळा. मगच पुढची गाडी.

छप्पन्न सालच्या नोव्हेंबरात, धुक्याच्या एका दुपारी, दगड भरलेल्या सात वाघिणी, म्हणजे मालाचे उघडे डबे, आणि त्यांच्यामागे गार्डचा डबा अशी गाडी बोगद्यात शिरली. बाहेर आल्या त्या सात वाघिणी. गार्डचा डबा साखळी तुटून आतच राहिला. त्यात गार्ड होता आणि घरी निघालेले खाणीतले दोघे होते. वडिलांनी दोन-एक दिलं. तीन वाजून चाळीस मिनिटांनी पुढची गाडी आत गेली.

"मी दिवा पाहिला," हे वाक्य वडील मरेपर्यंत बोलत राहिले. दिवा गार्डच्या डब्यावर होता आणि डबा बोगद्यात होता, मग क्रॅबट्रीने पाहिलं काय, असं चौकशीवाल्यांनी विचारलं. खुर्चीतून न उठता अंदाजाने ठोके दिले, असा निकाल लागला. नोकरी गेली. आई खाटकाच्या दुकानात शिरली की आतलं बोलणं थांबायचं, हे मी नऊ वर्षांची असताना तिचा हात धरून पाहिलंय आणि अजून विसरलेले नाही.

आमच्या, छोट्या रेल्वे बनवणाऱ्यांच्या क्लबचं प्रदर्शन मार्चमध्ये नगरभवनात भरतं. क्लबचा अध्यक्ष सिरिल बूथ हा त्या मेलेल्या गार्डचा पुतण्या. तो मला स्पष्ट म्हणाला, "मांडणी आण, थेल्मा. खोरं सुरेख उतरलंय. मांडणीच्या पाटीवर तुझ्या बापाचं नाव मात्र नको."

मी म्हटलं, नाव येणार. केबिनच्या खिडकीतून गाडीची शेपटी नीट दिसायची, हे मी मापाने सिद्ध करून दाखवेन. त्यावर सिरिलने शांतपणे चहा ढवळला. "दिसत होतं म्हणतेस? मग आत माणसं असताना ठोके दिले कसे? हे तर आणखी वाईट की गं."

उत्तर नाही म्हणून काम थांबवायचं, असं आमच्या घरात नाही.

२

नॉरिस एकोणिसाव्या वर्षी मिरडेन जंक्शनवर वाघिणी जोडायच्या-सोडायच्या कामावर, म्हणजे शंटिंगवर होता. माझं जंक्शन त्याच्या आठवणीतूनच उभं राहिलं. छपराचा पत्रा कुठे गंजला होता, इंजिनात पाणी भरायच्या नळाला कातड्याची नळी कशी लोंबायची, सगळं त्याला तोंडपाठ. त्या एका दिवसाविषयी विचारलं की मात्र तो तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचा. माझ्या वडिलांचा विषय म्हणून भिडस्तपणा करतो, असं मला वाटायचं. जळलं माझं शहाणपण.

जानेवारीत मी ती गाडी पुरी केली. सात वाघिणींत खरी दगडाची कच भरली. गार्डचा डबा लाकडाच्या एकाच ठोकळ्यातून कापला, खिडक्या वरून काळ्या रंगवल्या. आत पोकळी अशी नाहीच. शेपटीच्या दिव्यासाठी टाचणीच्या डोक्यावर लाल काचेचा मणी चिकटवला. असे पाच दिवे केले, कारण दोन तरी गालिच्यात हरवतात. एक डब्याच्या मागे लावला, चार काडेपेटीत ठेवले.

दिव्याची चूक आमच्या लोकांत नेहमीची. कुणी गाडीला दिवा लावायलाच विसरतं, कुणी डबे जोडताना आधीचा दिवा काढायला विसरतं. प्रदर्शनात एक ना एक म्हातारा चष्मा कपाळावर चढवून सांगतोच, बाई, तुमचा दिवा चुकला. म्हणून मी गाडी उभी करताना दोनदा पाहते.

त्या मंगळवारी गाडी जंक्शनात उभी होती. गार्डच्या डब्यावर दिवा होता. त्याच्या पुढच्या, सातव्या वाघिणीच्या मागच्या फळीवरही एक दिवा होता.

मी नॉरिसवर चढलेच. "शंटिंगमध्ये आयुष्य गेलं आणि एका गाडीला दोन दिवे? हे माझ्या नजरेस पडण्याआधी सिरिलने पाहिलं असतं तर?"

त्याने चिमटा घेतला आणि तो दिवा काढायला वाकला. बासष्ट वाघिणींची नंबरपट्टी ज्याने एका दमात रंगवली, त्याच्या हातून चिमटा दोनदा घसरला. मग चहा न घेताच तो निघून गेला. दाराशी टोपी विसरला, ती घ्यायला परत आला नाही.

मी काडेपेटी उघडली. चार दिवे आत होते.

काढलेला दिवा तळहातावर घेऊन भिंगाखाली पाहिला. माझे दिवे फळीच्या मधोमध बसतात. हा फळीच्या उजवीकडे बसवलेला होता आणि थोडा वाकडा, घाईत अडकवल्यासारखा. मणी माझ्याच मण्यांसारखा होता. मग मी स्वतःला सांगितलं की मीच सहा केले असतील. आईला शेवटी शेवटी चमचे मोजता येत नव्हते. मी जाताना खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली एप्रनच्या खिशात ठेवली.

३

बुधवारी दिवा परत त्याच जागी होता.

मी काही किंचाळणारी बाई नाही. खाली बसले आणि शक्यता लिहून काढल्या. डिंक ओला राहिला असेल. टाचणी लोखंडाची, कुठल्यातरी चुंबकाला ओढली गेली असेल. मी झोपेत चालत असेन. प्रत्येकापुढे पेन्सिलने खूण केली आणि एकेक तपासली. टाचणी पितळेची निघाली. उंबऱ्यावर पीठ भुरभुरलं, त्यावर पाऊल उमटलं नाही. मी दिवा काढला, काडेपेटीत टाकला, वर रबर गुंडाळलं. जेवणानंतर येऊन पाहिलं तर काडेपेटीत चार आणि वाघिणीवर एक, उजवीकडे, वाकडा.

आणि मग घंटी.

मांडणीच्या दोन्ही टोकांना मी सिग्नल केबिनमधली एकेक खरी घंटी बसवली होती. रेल्वेच्या मोडीच्या बाजारातून आणलेल्या, लाकडी पेटीतल्या. एकीचा खटका दाबला की दुसरी वाजते. मी केबिनच्या टोकाला बसते, नॉरिस जंक्शनच्या. बुधवारी दुपारी जंक्शनच्या टोकाला कोणी नव्हतं. मी चाकांना तेल देत होते. माझ्यासमोरची घंटी एकदाच वाजली. एक ठोका म्हणजे "लक्ष दे, गाडी पाठवायची आहे."

घड्याळात तीन चाळीस झाले होते. वायरींना ओल लागली असेल, म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या बदलल्या.

आणखी एक सांगायचं राहिलं. घंटी वाजून गेल्यावर बोगद्यातून एक बारीक आवाज आला. जुना नळ घट्ट पिळताना येतो तसा, किर्र, थांबून परत किर्र. बोगदा म्हणजे लाकडी फळ्या, जाळी आणि प्लास्टर. त्यात पिळण्यासारखं काही नाही. गार्डच्या डब्यात हाताने फिरवायचं ब्रेकचं चाक असतं, हे मला माहीत होतं. हे माहीत नसतं तर त्या रात्री मी झोपले असते.

पाटी सोडून दे, मांडणी झाकून ठेव आणि बहिणीकडे राहायला जा, असं माझंच मन मला सांगायला लागलं. मी त्याला भीक घातली नाही. पन्नास वर्षं लोकांना घाबरून झालं होतं, आता स्वतःच्या खोलीला काय घाबरायचं? मी त्याच संध्याकाळी नॉरिसला फोन केला. त्याने बरं नाही म्हणून सांगितलं. मी म्हटलं, "टोपी इथेच आहे तुमची. उद्या दोन वाजता घ्यायला या आणि बसून गाडी चालवून जा." तो येतो म्हणाला.

४

गुरुवारी तो आला. बूट एकदाच घासले. आज काय खोदायचंय हेही विचारलं नाही.

मी त्याला योजना सांगितली. बोगद्याच्या मध्यावर रुळाखाली मी एक लहान चुंबक बसवला होता. त्यावरून जाताना गार्डच्या डब्याची कडी निसटावी आणि डबा आत राहावा, अशी ती युक्ती होती. मी केबिनच्या खिडकीतून दंतवैद्याच्या आरशाने पाहणार होते, म्हणजे वडिलांना जे दिसलं असेल तेच मला दिसेल. सुरू करण्याआधी मी सातव्या वाघिणीवरचा दिवा काढला आणि नॉरिसच्या देखत एप्रनच्या खिशात टाकला.

"थेल्मा," तो म्हणाला. चार वर्षांत पहिल्यांदा त्याने मला नावाने हाक मारली. "नको करूस हे."

मी खुणेने गाडी मागितली. त्याने घंटी दिली, मी उत्तर दिलं. इंजिन हललं, सात वाघिणी आणि डबा त्याच्यामागे बोगद्यात शिरले. साडेतीन वाजले होते. बाहेर पाऊस नव्हता, धुकं नव्हतं, शेजाऱ्यांच्या दोरीवर चादरी वाळत होत्या. भरदिवसा मी आरसा खिडकीशी धरून एक डोळा मिटला.

इंजिन बाहेर आलं. मी वाघिणी मोजल्या. पाच, सहा, सात. कडी निसटली होती, डबा आत राहिला होता. योजनेप्रमाणेच झालं.

आणि शेवटच्या वाघिणीच्या मागे दिवा होता.

तो पेटलेला होता. मण्याला उजेड कुठून येणार, पण आरशात माझ्या पापण्यांवर त्याचा लाल प्रकाश पडला होता आणि त्याच्याभोवती धुकं होतं. खोलीत नव्हतं, आरशात होतं. धुक्यात वाघीण दिसत नव्हती, फळी दिसत नव्हती, दिसत होता फक्त लाल ठिपका. कुठलाही माणूस म्हणाला असता की गाडी अख्खी आली. माझा हात आपोआप खटक्यावर गेला. दोन ठोके दिले, मग श्वास घ्यावा तेवढी थांबले, मग एक दिला. वडील असंच द्यायचे. जेवणाच्या टेबलावर बोटाच्या पेराने तसंच वाजवायचे. सगळ्या लाइनीवर त्यांचा ठोका ओळखू यायचा.

हात मागे घेतला तेव्हा कळलं की मी काय केलं. आत डबा होता, आणि मी बोगदा मोकळा दिला होता.

समोरची घंटी वाजली. एक ठोका.

मी नॉरिसकडे पाहिलं. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते. त्याच्यापुढे जंक्शनात उभं असलेलं दुसरं इंजिन हळूहळू सरकायला लागलं. त्या इंजिनाचा विजेचा खटका बंद होता.

"मी हात लावलेला नाही," तो म्हणाला.

मी सहा ठोके दिले. सहा म्हणजे धोका, सगळं थांबवा. लहानपणी वडिलांनी मला आधी हेच शिकवलं होतं, आकडे नंतर. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मग भिंतीतली वायर उपटली. इंजिन बोगद्याच्या तोंडाशी थांबलं. पुढचं एक चाक आत गेलं होतं.

बोगद्यातून किर्र आवाज आला. थांबून परत आला. कोणीतरी जीव तोडून ब्रेक पिळत होतं.

नॉरिस गुडघ्यांवर बसला. बोगद्याच्या काळ्या तोंडाकडे बघत, मला नाही तर त्यालाच सांगावं तसं बोलला. "वाघिणी खाणीतून आल्या तेव्हा शेवटच्या वाघिणीवर दिवा होता. आम्ही मागे गार्डचा डबा जोडला. गार्डने त्यावर आपला दिवा लावला. आधीचा काढायचं काम माझं. थंडी होती, चहा तयार होता. मी काढला नाही."

तो बोगद्याकडेच बघत पुढे सांगत राहिला.

"टक्कर झाल्याचं कळलं आणि मी खालच्या स्टेशनात फोन केला. माझा भाऊ बर्ट तिथे हमाल होता. गाडी तिथे पोचली होती. बर्टने दिवा काढला आणि कालव्यात टाकला. तुझ्या बापाने दिवा पाहिला होता, पोरी. मी न काढलेला. उजवीकडे, वाकडा."

पन्नास वर्षं मला हे वाक्य ऐकायचं होतं. ऐकल्यावर रडू येईल असं वाटलं होतं. आला तो राग, आणि तो इतका होता की मी त्या म्हाताऱ्याच्या खांद्याला धरून त्याचं तोंड बोगद्याकडे दाबलं. "बघा आत. काय दिसतंय ते सांगा."

त्याने पाहिलं. मग बाजूला सरकून मला जागा दिली, आणि मीही पाहिलं.

डबा मध्यावर उभा होता. मी रंगवलेल्या काळ्या खिडकीत पिवळा उजेड होता. आतून काचेवर वाफ धरली होती. मी बघत असताना एका बाहीने ती वाफ पुसली, गोल, हलक्या हाताने, गाडी का थांबली ते पाहायला माणूस पुसतो तशी. पुसलेल्या जागेत चेहरा येण्याआधी मी नजर काढून घेतली.

"किती जण आहेत?" मी विचारलं.

नॉरिस अजून बघतच होता. "तिघं," तो म्हणाला. "तिघंही अजून आहेत."

५

तो अर्थ माझ्या डोक्यात शिरायला दोन दिवस लागले. माझ्या बोगद्यात टक्कर अजून झाली नव्हती.

प्रदर्शनाच्या आठवड्यात सिरिलने टेम्पो पाठवला. मांडणीचे आठ तुकडे सुटे होतात, बोगदा मधून दोन होतो. टेम्पोवाला बोल्ट काढायला वाकला, तेव्हा मी त्याला चहा आणि आल्याचा केक देऊन परत पाठवलं. चार वर्षांचं काम नगरभवनात गेलं नाही. बोगदा हलवायचा म्हणजे डबा हलणार, आणि ते धाडस मी करणार नव्हते.

शनिवारी नॉरिस एकटा गेला. पुढचं त्याने संध्याकाळी येऊन सांगितलं. आमचं टेबल रिकामं ठेवलं होतं. तो त्याच्यामागे उभा राहिला आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्याने सगळं सांगितलं, दिवा, चहा, फोन, कालवा. काहींनी ऐकून घेतलं, काही मध्येच निघून गेले. एक बाई त्याच्या तोंडावर थुंकली. खाणीतल्या त्या दोघांपैकी एकाची ती मुलगी. सिरिल सगळ्यांत शेवटी आला. उभा राहून त्याने सगळं ऐकलं. मग त्याने खिशातून पेन काढलं, कोरी पाटी घेतली आणि स्वतःच्या हाताने लिहून रिकाम्या टेबलावर ठेवली.

ती पाटी आता माझ्या केबिनच्या वर भिंतीला आहे. "थॉर्नशॉ, १९५६. केबिनमन अर्नेस्ट क्रॅबट्री. त्यांनी दिवा पाहिला होता."

मी स्वतः ती टेबलावर असताना पाहिली नाही. प्रदर्शनाची वेळ दुपारची होती, आणि दुपारी मला इथे असावं लागतं.

नॉरिस अजून मंगळवारी-गुरुवारी येतो. जंक्शनच्या टोकाला बसत नाही, चहा करून देतो आणि दाराशी बसतो. मी त्याला माफ केलेलं नाही, त्याने मागितलेलंही नाही. बहिणीने समुद्रावर यायचा आग्रह केला, तिला मी नकार कळवला. डॉक्टरांची वेळ मी सकाळचीच घेते. भिंतीतली वायर मी परत जोडलेली नाही. त्याने काही फरक पडत नाही.

साडेतीनला मी स्टुलावर बसते. तीन चाळीसला घंटी एकदा वाजते. जंक्शनला इंजिन उभं असतं, पुढचं एक चाक आत. कोणीतरी मला गाडी घे म्हणतं, रोज, सौजन्याने, नियमाप्रमाणे. मी सहा ठोके देते. मग आतून ब्रेक पिळल्याचा आवाज येतो, आणि थांबतो, आणि मी एप्रनला हात पुसून चहाचा कप उचलते.

सहा ठोके द्यायला त्या दुपारी वडिलांना कोणी सांगितलं नाही. मला मात्र माहीत आहे की आत माणसं आहेत, आणि मी जिवंत आहे तोवर दोन-एक देणार नाही.